व्हिडिओ चिरा, शिजवू नका

रात्री साडेनऊला दारव्ह्याहून फोन आला. सप्ताहातल्या काल्याच्या कीर्तनाचं शूटिंग केलेला पोरगा होता.

"भाऊ, पेनड्राइव्ह ६४ जीबीचा आहे, अख्खा रिकामा. फाइल ३२ जीबीची. तरी जागा नाही म्हन्ते. काऊन असं?"

"जागा नाही म्हणते, का फाइल लय मोठी आहे म्हणते? नीट वाच बरं."

जरा वेळ काहीच आवाज नाही. मग, "हो भाऊ, मोठी आहे म्हन्ते."

यवतमाळात गेली बरीच वर्षं मी शूटिंगवाल्यांच्या मागच्या फळीत आहे. कॅमेरा माझ्या हातात क्वचितच येतो. पण लग्नं, कीर्तनं, दुर्गोत्सवाच्या मिरवणुका, शंकरपट, शाळांची गॅदरिंगं या सगळ्यांच्या फाइली शेवटी माझ्या टेबलावर येऊन पडतात. त्यातल्या निम्म्या तक्रारी एकाच जातीच्या असतात. सामान मोठं आणि दार लहान. सामानाचे भाग पाडायचे, एवढाच त्यावर इलाज. तो फुकट आहे, पण माऊसने होत नाही. काळ्या खिडकीत एक ओळ टाइप करावी लागते आणि त्या खिडकीलाच लोक घाबरतात.

आधी दारं मोजून घेऊ. दुकानातून आणलेला पेनड्राइव्ह बऱ्याचदा फॅट३२ या जुन्या पद्धतीने आखलेला असतो. त्या आखणीत एका फाइलला ४ जीबीची वेस आहे. ड्राइव्ह ६४ जीबीचा असो की १२८चा, एक फाइल ४ जीबीच्या आतच हवी. ड्राइव्ह एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केला की ही वेस उठते. पण त्यावर आधीचं काही असेल तर ते पुसलं जातं, आणि मंडळाच्या सभागृहातला जुना टीव्ही एक्सफॅट वाचेलच असं नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर २०२२पासून २ जीबीपर्यंतची फाइल जाते, मात्र ती डॉक्युमेंट म्हणून पाठवावी लागते. व्हिडिओ म्हणून पाठवली तर चित्र दाबलं जातं. जीमेलची जोडणी २५ एमबीवर अडते. यूट्यूबवर फोन नंबरची पडताळणी केलेली नसेल तर १५ मिनिटांपेक्षा मोठा व्हिडिओ चढत नाही, आणि तिथे चिरत बसण्यापेक्षा पडताळणी करून टाकणं शहाणपणाचं. डीव्हीडी मागणारा एखादा काका अजून येतो. त्याची तबकडी ४.७ जीबीची.

आता मुद्दा. एमपी४ फाइल म्हणजे एक डबा आहे. त्यात एका कप्प्यात चित्र, दुसऱ्यात आवाज, दोन्ही आधीच शिजवून, दाबून भरलेलं. ते शिजवण्याचं काम कॅमेऱ्याने जागेवरच उरकलेलं असतं. आपल्याला फक्त एका मोठ्या डब्यातलं चार लहान डब्यांत काढायचं आहे. पण बाजारातली बरीच 'व्हिडिओ कटर' आणि 'कन्व्हर्टर' सॉफ्टवेअर काय करतात, तर डबा उघडून सगळं पुन्हा शिजवतात. त्याला तासन्‌तास लागतात, आणि दुसऱ्यांदा शिजवलेल्याला पहिल्याची चव राहत नाही.

हे मी स्वतः भोगलंय. सुरुवातीच्या काळात एका लग्नाची तीन तासांची फाइल अशाच एका सॉफ्टवेअरला लावून झोपलो. सकाळी उठून पाहतो तर तुकडे पडलेले, पण हळदीच्या पिवळ्या रंगात चौकोन चौकोन दिसू लागलेले, आणि मंगलाष्टकांचा आवाज ओठांच्या अर्धा सेकंद मागे. वर एकूण वजन मूळ फाइलपेक्षा जास्त! गिऱ्हाइकाला ते दाखवायची हिंमत झाली नाही. मूळ फाइल जागेवर होती म्हणून वाचलो.

न शिजवता चिरणाऱ्या हत्याराचं नाव एफएफएमपेग. फाब्रिस बेलार या फ्रेंच प्रोग्रामरने २००० साली हे काम सुरू केलं, आणि आजवर जगभरचे लोक ते फुकट वाढवत आलेत. तुमच्या संगणकावर व्हीएलसी किंवा ओबीएस असेल तर त्यांच्या पोटात याच प्रकल्पाचे भाग आहेत. आपण ते थेट वापरायचं, एवढंच.

विंडोज १० किंवा ११ असेल तर स्टार्टमध्ये सीएमडी टाइप करून काळी खिडकी उघडा आणि लिहा:

विंगेट इन्स्टॉल एफएफएमपेग

उबुंटूवाल्यांसाठी:

सुडो एपीटी इन्स्टॉल एफएफएमपेग

झालं की खिडकी बंद करून नवी उघडा, नाहीतर तिला नवं हत्यार सापडत नाही. हा फोन मला आठवड्यातून एकदा येतोच.

कमांड मी इथे देवनागरीत लिहितोय, फोनवर सांगतो तशी. तुम्ही ती संगणकावर रोमन अक्षरांत, इंग्रजी आकड्यांत आणि लहान लिपीत टाइप करायची. एफएफएमपेगची अक्षरं एफ, एफ, एम, पी, ई, जी. आडवी रेघ दिसेल ती वजाबाकीची. तिच्यानंतर मोकळी जागा सोडायची नाही, पण प्रत्येक शब्दानंतर सोडायची. 'आय', 'सी', 'एफ' असं एकेरी दिसलं की ते एकच अक्षर. 'कॉपी', 'मॅप', 'सेगमेंट', 'टाइम' हे नेहमीचे इंग्रजी शब्द, शाळेतल्या स्पेलिंगने. फाइलींची नावं रोमनमध्येच ठेवा आणि त्यांत मोकळी जागा सोडू नका. 'काल्याचे कीर्तन फायनल २' अशा नावाने कमांड हमखास अडखळते. नाव बदलायचं नसेल तर ते दुहेरी अवतरणात टाका.

ज्या फोल्डरमध्ये फाइल आहे तो उघडा. वरच्या पत्त्याच्या पट्टीत क्लिक करून तिथलं पुसा, सीएमडी लिहा, एंटर मारा. काळी खिडकी त्याच फोल्डरमध्ये उघडते. लांबलचक रस्ता टाइप करायची गरज उरत नाही. मग पहिली कमांड:

एफएफएमपेग -आय कीर्तन.एमपी४

ही काही कापत नाही, फक्त फाइलची कुंडली दाखवते. शेवटी 'आउटपुट फाइल द्या' अशा अर्थाची तक्रार येते, तिकडे दुर्लक्ष करा. त्याच्या वर ड्युरेशन आणि बिटरेट शोधा. दारव्ह्याच्या पोराने वाचून दाखवलं: दोन तास ५८ मिनिटं ४० सेकंद, बिटरेट २४,००० केबी पर सेकंद, म्हणजे २४ मेगाबिट.

लोक मला सांगतात, "भाऊ, चार-चार जीबीचे पाडून द्या." आपल्याकडच्या जिनांमध्ये रुईची गाठ १७० किलोची बांधतात, वजनावर. त्या सवयीने माणूस वजनात बोलतो. एफएफएमपेगचं हे काम मात्र घड्याळावर चालतं. किती मिनिटांना तुकडा पाडायचा ते आपण सांगायचं आणि वजनाचा हिशेब आपणच करायचा. हिशेब सोपा आहे. मेगाबिटच्या आकड्याला साडेसातने गुणा, एका मिनिटाचे एमबी मिळतात. साडेसाती म्हणून लक्षात ठेवा. २४ गुणिले साडेसात म्हणजे मिनिटाला १८० एमबी. ४ जीबीच्या वेशीत जेमतेम २३ मिनिटं बसतील. पण चित्रात हालचाल वाढली की वजन वाढतं. दिंडीत झेंडे नाचायला लागले की फाइल जड होते. म्हणून काठोकाठ भरू नका. मी त्याला २० मिनिटं सांगितली. तुकडा ३.६ जीबीचा, एकूण नऊ तुकडे. व्हॉट्सअ‍ॅपने पाठवायचं असतं तर १० मिनिटांचे अठरा झाले असते. ४केमध्ये १०० मेगाबिटने शूट करणाऱ्यांनी मिनिटाला ७५० एमबी धरावेत. त्यांच्या पेनड्राइव्हसाठी पाच मिनिटांच्या वर जाऊ नये.

आता मुख्य कमांड. ही सगळी एकाच ओळीत:

एफएफएमपेग -आय कीर्तन.एमपी४ -मॅप ० -सी कॉपी -एफ सेगमेंट -सेगमेंट_टाइम १२०० -रीसेट_टाइमस्टॅम्प्स १ भाग_%०३डी.एमपी४

एंटर मारली की आकडे पळायला लागतात. संगणकाला डोकं चालवायचंच नसतं, फक्त उचलून ठेवायचं असतं, त्यामुळे वेग ठरतो तो हार्डडिस्कचा. जुना लॅपटॉपसुद्धा हे चहा होईस्तोवर उरकतो. डिस्कवर मूळ फाइलइतकीच जागा आणखी मोकळी हवी, हे मात्र आधी पाहून घ्या.

तुकडे नीट पडतात 'सी कॉपी'मुळे. चित्र आणि आवाज जसेच्या तसे उचल, शिजवू नकोस, हा तिचा अर्थ. ही विसरलात तर एफएफएमपेगसुद्धा मुकाट्याने शिजवायला बसतं. ओळखायची खूण सोपी: लॅपटॉपचा पंखा भुंगा लागल्यासारखा फिरायला लागला आणि आकडे मुंगीच्या पावलाने सरकू लागले की समजा, 'सी कॉपी' राहिलं. क्यू दाबून थांबवा आणि परत लिहा.

'मॅप ०' लहान दिसतं, पण त्याच्यापायी मी एकदा आवाज गमावलाय. एका व्याख्यानाचं रेकॉर्डिंग लॅपटॉपवर केलं होतं, दोन वेगवेगळ्या ऑडिओ ट्रॅकसह. एकात सभागृहाचा आवाज, दुसऱ्यात वक्त्याच्या कॉलर माइकचा. काहीच सांगितलं नाही तर एफएफएमपेग एक चित्र आणि एकच आवाज निवडतं. त्याने सभागृहाचा निवडला. मी तुकडे पाडले, वरवर वाजवून पाहिले आणि जागा कमी म्हणून मूळ फाइल उडवली. तुकड्यांत शिल्लक राहिल्या खुर्च्यांची खरखर, खोकला आणि लांबून येणारं भाषण. 'मॅप ०' म्हणजे डब्यातले सगळे कप्पे घे. काही अ‍ॅक्शन कॅमेऱ्यांच्या फाइलीत चित्र आणि आवाजाशिवाय आणखी एक माहितीचा कप्पा असतो आणि तो नव्या डब्यात बसत नाही म्हणून कमांड लालपिवळी होऊन थांबते. तसं झालं तर 'मॅप ०'च्या जागी '-मॅप ०:व्ही -मॅप ०:ए' लिहा: सगळी चित्रं, सगळे आवाज, बाकी सोड.

'रीसेट टाइमस्टॅम्प्स' प्रत्येक तुकड्याचं घड्याळ शून्यावर आणतं. ते नसेल तर तिसरा तुकडा चाळिसाव्या मिनिटापासून सुरू झाल्याचा दावा करतो आणि टीव्ही गोंधळतो. शेवटच्या नावातली खूण अशी टाइप करा: टक्क्याचं चिन्ह, शून्य, तीन, डी. तिच्यामुळे तुकड्यांना ०००, ००१, ००२ असे तीन आकडी नंबर पडतात. तीन आकडी कशाला? कारण टीव्ही नावाच्या क्रमाने लावतो, आणि साधे नंबर असले तर एकानंतर दहा वाजतो, मग दोन. कीर्तनकार दृष्टांत अर्ध्यावर टाकून एकदम पसायदानाला पोचलेले मी पाहिलेत. शून्याऐवजी एकपासून मोजणी हवी असेल तर '-सेगमेंट_स्टार्ट_नंबर १' हे नावाच्या आधी घाला.

मूळ फाइल एमओव्ही असेल तर तुकडेही एमओव्हीच ठेवा. डबा बदलायच्या भानगडीत विनाकारण पडू नका. काही कॅमेऱ्यांचा कच्चा आवाज एमपी४च्या डब्यात मावत नाही.

तुकडे मोजले तर पहिला वीस मिनिटं एक सेकंदाचा, दुसरा जरा कमीजास्त. लोक विचारतात, मशीन चुकली का? चुकली नाही. यवतमाळ–मूर्तिजापूर मार्गावरची आपली शकुंतला आठवा, किलिक निक्सन कंपनीची ती अरुंद रुळांची गाडी, कापूस वाहून न्यायला बांधलेली. तिच्याबद्दल गमतीने म्हणतात की हात दाखवला की ती थांबायची. व्हिडिओ तसा नाही. तो फक्त स्टेशनावर थांबतो. या स्टेशनाला कीफ्रेम म्हणतात. जागा वाचवण्यासाठी कॅमेरा प्रत्येक चित्र पूर्ण साठवत नाही. एक पूर्ण चित्र, मग पुढच्या कित्येक चित्रांत फक्त 'आधीपेक्षा काय बदललं' एवढीच नोंद, मग परत एक पूर्ण चित्र. ते पूर्ण चित्र म्हणजे कीफ्रेम. न शिजवता कापायचं तर तुकडा तिथूनच सुरू व्हावा लागतो, कारण मधूनच सुरू झाला तर कशात बदल झाला हे प्लेअरला कळणार कसं? कॅमेऱ्याच्या फाइलीत स्टेशनं बहुधा सेकंदाच्या आसपास येतात, म्हणून फरक जाणवत नाही. संगणकावर पुन्हा शिजवलेल्या फाइलीत मात्र ती दहा-दहा सेकंदांवरही असू शकतात: एक्स२६४ या शिजवणाऱ्या प्रोग्रामची नेहमीची मांडणी २५० चित्रांमागे एक अशी आहे, आणि आपल्याकडे सेकंदाला २५ चित्रं धरतात.

समान तुकडे हे पेनड्राइव्हचं काम झालं. खरी मागणी वेगळीच असते: 'मले फक्त तेवढंच पाह्यजे.' जानेवारी २०१९मध्ये ९२वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन यवतमाळात भरलं, तीन दिवस, अरुणा ढेरे अध्यक्ष. उद्घाटकाच्या निमंत्रणावरून झालेल्या वादानंतर उद्घाटन झालं ते वैशाली येडे यांच्या हस्ते, आपल्याच जिल्ह्यातल्या, शेतकरी नवऱ्याच्या आत्महत्येनंतर घर ओढणाऱ्या. तेव्हा मांडवात कितीतरी लोकांनी मोबाइलवर तासन्‌तासांचं शूटिंग केलं, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना नंतर हवं होतं ते येडे यांचं भाषणच. तेवढं काढायची कमांड अशी:

एफएफएमपेग -एसएस ००:४१:१० -टीओ ००:५३:३० -आय उद्घाटन.एमपी४ -मॅप ०:व्ही -मॅप ०:ए -सी कॉपी भाषण.एमपी४

आकडे उदाहरणाचे आहेत. व्हीएलसीमध्ये पाहून आपले घाला. 'एसएस' म्हणजे कुठून, 'टीओ' म्हणजे कुठपर्यंत. दोन्ही 'आय'च्या आधी लिहा. 'टीओ' चुकून मागे गेलं तर घड्याळ कापलेल्या जागेपासून नव्याने मोजू लागतं आणि बारा मिनिटांऐवजी त्रेपन्न मिनिटं निघतात. सुरुवात इथेही आधीच्या स्टेशनापासून होते, म्हणून काही प्लेअरवर तुकड्याच्या तोंडाला क्षणभर गोठलेलं किंवा नको असलेलं चित्र दिसतं. भाषण असेल तर दोन सेकंद आधीपासून घ्या, टाळ्या ऐकू येतील, कोणाचं बिघडत नाही.

ज्यांना एकूणएक फ्रेमवरच कट हवा, त्यांनी तेवढाच लहान तुकडा शिजवावा. 'सी कॉपी'च्या जागी हे:

-सी:व्ही लिबएक्स२६४ -सीआरएफ १८ -सी:ए एएसी

१८ हा आकडा दर्जाचा. तो जितका लहान तितकं चित्र चांगलं आणि फाइल जड. एक मिनिटाच्या तुकड्याला हा खर्च परवडतो, तीन तासांना नाही.

शंकरपटवाल्यांचा प्रकार निराळाच. डिसेंबर २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रात बैलांच्या शर्यतींना परवानगी दिली, मे २०२३मध्ये घटनापीठाने त्यावर शिक्कामोर्तब केलं, आणि गावोगावचे पट पुन्हा भरू लागले. दिवसभर कॅमेरा तिपाईवर चालू. धूळ, गर्दी, लाउडस्पीकर, आणि मध्येच काही सेकंदांची धाव. संध्याकाळी प्रत्येक जोडीचा मालक आणि धुरकरी दारात हजर: आमचीच धाव द्या, आत्ता द्या, स्टेटसला ठेवायची आहे. इथे चाळीस वेळा कमांड टाइप करणारा माणूस रात्री जेवत नाही. त्यापेक्षा एक्सेल उघडा. पहिल्या रकान्यात जोडीचा नंबर, दुसऱ्यात सुरुवात, तिसऱ्यात शेवट, दोन्ही वेळांचे रकाने आधी टेक्स्ट करून. नाहीतर एक्सेल वेळेचं अपूर्णांकात रूपांतर करून टाकतं. चौथ्या रकान्यात सूत्राने हे तीन जोडून पूर्ण कमांड तयार करा आणि खाली ओढा. चाळीस ओळी नोटपॅडमध्ये टाकून फाइलला शेवटी डॉट बीएटी असं नाव द्या आणि डबलक्लिक करा. जोड्यांचे मालक चहा पीत बसतात, तोवर तुकडे तयार. एकच खुबी: बीएटी फाइलमध्ये कुठे टक्क्याचं चिन्ह आलं, वरच्या नंबरांच्या खुणेसारखं, तर ते दोनदा लिहावं लागतं. एकदा लिहिलं तर विंडोज ते गिळून टाकतं.

कापायच्या जागा आधीच ठाऊक असतील, म्हणजे गॅदरिंगमधला स्वागतसमारंभ, नाटुकलं, बक्षीस वितरण, तर एकाच फटक्यात सगळं होतं. 'सेगमेंट_टाइम'ऐवजी 'सेगमेंट_टाइम्स' लिहा आणि पुढे सेकंद स्वल्पविरामांनी, मध्ये जागा न सोडता: १८३०,३६००,५४००. चार तुकडे पडतात, प्रत्येक आपापल्या वेळेला. शेवटच्या 'एस'वर लक्ष ठेवा.

लाइन जाण्याबद्दलही बोललं पाहिजे. आपल्याकडे ती जातेच. एमपी४ फाइलची अनुक्रमणिका सहसा सगळं लिहून झाल्यावर शेवटी बसते. मध्येच वीज गेली तर चित्र असतं पण अनुक्रमणिका नसते, आणि फाइल उघडतच नाही. सलग तीन तासांची एक फाइल अशी गेली तर सगळंच गेलं. तुकड्यातुकड्याने लिहिताना फक्त चालू तुकडा जातो, आधीचे पूर्ण झालेले असतात. म्हणून लॅपटॉपवर थेट रेकॉर्डिंग करणाऱ्यांना मी सांगतो: एमकेव्हीमध्ये करा, ती अर्धवट राहिली तरी राहिली तिथपर्यंत उघडते, नंतर 'सी कॉपी'ने एमपी४ करून घ्या. कापताना लाइन गेली तर घाबरू नका, मूळ फाइलला हात लागलेला नसतो. परत कमांड मारा. आधीचे तुकडे पुसून नवे लिहू का असं विचारलं तर वाय दाबा.

पुण्याच्या एडिटरला मूळ माल जसाच्या तसा पाठवायचा असेल तर मात्र हे काहीच करू नका. तिथे फाइल लाकडासारखी सरळ फोडायची: लिनक्सवर स्प्लिट कमांडने, विंडोजवर सेव्हन-झिपने, दोन-दोन जीबीचे भाग. हे भाग चालत नाहीत, उघडत नाहीत, पाहणाऱ्याला ते निरर्थक वाटतात. पलीकडे सगळे एकत्र जोडले की एकूणएक बाइट जागेवर येतो. पण त्यातला एक भाग हरवला तर बाकीचेही वाया. म्हणून पाठवताना प्रत्येक भागाची विंडोजच्या सर्टयुटिलने काढलेली शा-२५६ची ओळ, म्हणजे त्या भागाचा अंगठ्याचा ठसा, सोबत द्यावी. एडिटर आपल्याकडे तीच कमांड मारून ओळ जुळते का बघतो. काकांना टीव्हीवर पाहायला असले तुकडे द्यायचे नाहीत. मी एकदा दिले होते.

चिरलेले तुकडे परत जोडायचे असतील तर एका साध्या टेक्स्ट फाइलीत एकाखाली एक ओळ लिहा: फाइल, मोकळी जागा, मग एकेरी अवतरणात तुकड्याचं नाव. 'फाइल' हा शब्द इंग्रजीत. ती यादी.टीएक्सटी नावाने ठेवा आणि:

एफएफएमपेग -एफ कॉन्कॅट -सेफ ० -आय यादी.टीएक्सटी -सी कॉपी पूर्ण.एमपी४

एकाच कॅमेऱ्याचे, एकाच सेटिंगचे तुकडे असतील तरच हे नीट जुळतं. मोबाइलचा एक आणि कॅमेऱ्याचा एक असे जोडायला गेलात तर दुसरा भाग हिरवा तरी दिसेल, नाहीतर मुका होईल.

तपासताना नुसता पहिला तुकडा वाजवून खूश होऊ नका. प्रत्येक तुकड्याचे शेवटचे दहा सेकंद आणि पुढच्याचे पहिले दहा ऐका. कीर्तन असेल तर कानालाच कळतं: 'विठ्ठल'चा 'वि' एका तुकड्यात आणि 'ठ्ठल' दुसऱ्यात पडला असेल तर दोन्ही मिळून नाव पूर्ण होतं का बघायचं. मग सगळ्या तुकड्यांचे कालावधी जोडून मूळ कालावधीशी ताडून पाहा. सेकंद-दीड सेकंदाचा फरक चालतो, मिनिटाचा नाही.

दारव्ह्याच्या पोराचा साडेदहाच्या सुमाराला परत फोन आला. नऊही तुकडे पेनड्राइव्हवर गेले होते, मंदिराच्या टीव्हीवर लावून पाहिले होते, लोक अजून बसलेच होते.

"भाऊ, मग आता कार्ड खाली करू का? उद्या नेरले लग्न हाय."

"दुसरं कार्ड नाही?"

"आहे, पन ते १६ जीबीचं."

"मग सोळावालं घेऊन जा. आणि मूळ फाइल आधी हार्डडिस्कवर उतरव, तिथून उघडून शेवटचा अभंग ऐक. तो पूर्ण ऐकू आला की मला सांग, मग पुसायचं बघू."